प्राचीन उष्णकाळांतील कार्बनचा हिशेब

सन १९८७ च्या आरंभीं 'जॉइडीझ रेझोल्यूशन' नांवाचें एक संशोधन-जहाज दक्षिण ध्रुवाजवळील वेडेल समुद्रांत तळाला छिद्रें पाडीत होतें. लोखंडी नळ्यांची लांबच लांब माळ पाण्यांत सोडावयाची, ती समुद्राच्या तळांत घुसवावयाची आणि तळाच्या गाळाचा सलग दांडा नळींतून वर ओढून काढावयाचा, हा त्या जहाजाचा उद्योग. मॉड राइझ नांवाच्या बुडालेल्या पठारावर सुमारें २,९०० मीटर पाणी होतें. त्या पाण्याखालीं गाळांत आणखी सुमारें १७० मीटर गेल्यावर जो थर हातीं आला, त्यांत नुसत्या डोळ्यांना विशेष असें कांहीं दिसत नव्हतें. जेम्स केनेट व लोवेल स्टॉट या दोन शास्त्रज्ञांनीं त्या थरांतील वाळूच्या कणाएवढीं कवचें निवडून तपासलीं, तेव्हां मात्र एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली. भूशास्त्राच्या मानानें अगदीं थोडक्या अवधींत त्या समुद्राचें पाणी तळापर्यंत ऊन झालें होतें, तळाशीं राहणारे पुष्कळ जीव कायमचे नाहींसे झाले होते, आणि त्याच वेळीं पाण्यांतील कार्बनची जातच जणूं बदलली होती. हा शोध १९९१ सालीं प्रसिद्ध झाला. या घटनेचा काळ आज ५ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वींचा धरतात.

पुढल्याच वर्षीं पॉल कोक, जेम्स झॅकोस व फिलिप जिंजरिच यांनीं जमिनीवरचा पुरावा पुढें ठेवला. अमेरिकेंतील वायोमिंग संस्थानांत बिगहॉर्न नांवाचें खोरें आहे. समुद्रापासून दूर असलेल्या त्या खोऱ्यांतील प्राचीन मातींत जमलेले चुन्याचे खडे, आणि त्या काळच्या सस्तन प्राण्यांच्या दांतांवरील कठीण लुकण, या दोहोंतही कार्बनचा तोच बदल दिसून आला. समुद्राच्या तळाशीं आणि खंडाच्या पोटांत एकच खूण सांपडावी, याचा अर्थ एवढाच होऊं शकतो कीं हा बदल हवेंतून सर्व पृथ्वीभर पसरला होता.

या घटनेला भूशास्त्रज्ञ पॅलिओसीन व इओसीन या दोन युगांच्या सीमेवरील परमोष्ण काल म्हणतात. एवढें लांबलचक नांव वारंवार घेण्यापेक्षां आपण त्याला नुसता उष्णकाळ म्हणूं. पृथ्वीचें सरासरी उष्णतामान या काळांत सुमारें ५ ते ६ अंश सेंटिग्रेडनें वाढलें. मूळची पृथ्वीही थंड नव्हती. ध्रुवांवर बर्फाचे मोठे थर त्या वेळीं नव्हतेच. उत्तर ध्रुवाजवळ लोमोनोसोव्ह नांवाची बुडालेली डोंगररांग आहे. तेथें २००४ सालीं काढलेल्या गाळावरून असें दिसतें कीं तेथील समुद्राचा पृष्ठभाग सुमारें १८ अंशांवरून २३ अंशांच्या वर गेला होता. ध्रुवाच्या समुद्रांत आंघोळ करतां आली असती, असें म्हटलें तरी चालेल. खोल समुद्राच्या तळावर राहणाऱ्या फोरामिनिफेरा नांवाच्या सूक्ष्म कवचधारी जीवांच्या शेंकडा ३० ते ५० जाति या काळांत नष्ट झाल्या. जमिनीवर याच्या उलट नवे प्राणी दूरदूरच्या खंडांत पसरले. बिगहॉर्नच्या खोऱ्यांत सिफ्रहिप्पस नांवाचा आद्य घोडा होता. मुळांतच तो मांजराहून फारसा मोठा नव्हता. उष्णता वाढतांना त्याचा देह आणखी सुमारें तीस टक्क्यांनीं लहान झाला, आणि ती ओसरल्यावर पुन्हा वाढला.

इतकी उष्णता आली ती कार्बनमुळें, याविषयीं फारसा मतभेद नाहीं. कार्बन डायॉक्साइड वायु हवेंत वाढला म्हणजे पृथ्वीवरून बाहेर जाणारी उष्णता अडून राहते, हें एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक आहे. खरा वाद तीन प्रश्नांचा आहे. किती कार्बन बाहेर पडला? तो आला कोठून? आणि तो किती वर्षांत आला? पहिल्या दोन प्रश्नांना केवळ विद्वत्तेच्या कुतूहलाचे म्हणून बाजूस सारणारे लोक आहेत. परंतु विशिष्ट प्रमाणांत कार्बन वाढला असतां पृथ्वी किती तापते, हें ठरविण्यास मनुष्याच्या हातीं पुरे झालेले प्रयोग फार थोडे आहेत; आणि या उष्णकाळाइतका मोठा, आरंभापासून शेवटपर्यंत वाचतां येणारा, दुसरा प्रयोग गेल्या साडेसहा कोटी वर्षांत झालेला नाहीं. येथें कार्बनचा आंकडा चुकला, तर पृथ्वीच्या स्वभावाविषयींचें अनुमानही चुकणार.

प्रथम कार्बनच्या 'जाती'विषयीं. कार्बनचे टिकाऊ परमाणु दोन प्रकारचे असतात, एक १२ वजनाचा व दुसरा १३ वजनाचा. शंभरांत जवळजवळ ९९ परमाणु हलके व एखादाच जड. वनस्पति हवेंतून कार्बन घेतात तेव्हां त्या हलका परमाणु अधिक घेतात. म्हणून वनस्पतींचा व त्यांपासून झालेल्या कोळशाचा कार्बन समुद्रांतील कार्बनपेक्षां हलका असतो. हा फरक दर हजारीं सुमारें २५ इतका भरतो. चिखलांत व समुद्रतळाशीं सूक्ष्म जंतु जो मिथेन वायु तयार करतात, तो याहून पुष्कळ हलका. त्याचा फरक दर हजारीं ६० पर्यंत जातो. ज्वालामुखींतून येणाऱ्या कार्बनचा फरक मात्र दर हजारीं ६ च्या आसपासच असतो. उष्णकाळाच्या आरंभीं सगळ्या पृथ्वीचा कार्बन दर हजारीं सुमारें ३ नें हलका झाला. हीच ती खूण.

आतां एक घरगुती उदाहरण घेऊं. दुग्धमापक नळी दुधांत बुडवून गृहिणीला दूध किती पातळ आहे तें कळतें. परंतु तें कशानें पातळ झालें, हें नळी सांगत नाहीं. गवळ्यानें शेरभर निखळ पाणी ओतलें असेल, किंवा आधींच पातळ असलेलें पांच शेर दूध मिसळलें असेल. नळी दोन्ही वेळां एकाच रेघेवर थांबेल. कार्बनची गोष्ट अगदीं अशीच आहे. अतिशय हलका मिथेन थोडा मिसळला काय, किंवा ज्वालामुखींतील किंचित् हलका कार्बन पुष्कळ मिसळला काय, समुद्रतळाच्या कवचांत खूण सारखीच उमटणार.

हा हिशेब शाळेंतल्या मिश्रणाच्या उदाहरणासारखा करून पाहतां येतो. हवा, समुद्र व सजीव सृष्टि यांत मिळून फिरता कार्बन ढोबळ मानानें ४०,००० अब्ज टन धरावा. त्याला दर हजारीं ३ नें हलकें करावयाचें तर मिथेनचा कार्बन सुमारें २,००० अब्ज टन पुरतो. वनस्पतिजन्य कार्बन असेल तर सुमारें ५,५०० अब्ज टन लागतो. आणि सगळाच ज्वालामुखीचा असेल तर ४०,००० अब्ज टन, म्हणजे मूळचा जितका होता तितकाच आणखी, आणावा लागतो. एका खुणेचीं तीन उत्तरें, आणि पहिल्या व शेवटच्या उत्तरांत वीसपट अंतर!

१९९५ सालीं जेराल्ड डिकन्स व त्यांचे सहकारी यांनीं पहिल्या उत्तराची बाजू घेतली. समुद्रतळाखालीं थंडी व दाब यांमुळें मिथेन वायु बर्फासारख्या स्फटिकांत कोंडून राहतो. पाणी ऊन झालें कीं हें बर्फ फुटतें व वायु सुटतो. सुटलेल्या वायूनें आणखी ऊब येते, आणखी बर्फ फुटतें. ही कल्पना मोठी आकर्षक होती. थोड्याशा कार्बननें खूण उमटते, आणि ती एकाएकीं कां उमटली याचेंही कारण मिळतें. पुष्कळ वर्षें पाठ्यपुस्तकांतून हेंच उत्तर दिलें जात असे. परंतु आकर्षक कल्पनेला दुसरा साक्षीदार लागतो. भांड्यांत एकंदर दूध किती वाढलें, हें पाहिल्यावांचून गवळ्याचा न्याय होत नाहीं.

तो साक्षीदार समुद्रतळाच्या खडूंत सांपडला. समुद्राच्या वरच्या थरांत राहणारे असंख्य सूक्ष्म जीव चुन्याचीं कवचें करतात. ते मेले कीं हीं कवचें पावसासारखीं तळाकडे पडत असतात. मात्र फार खोल पाण्यांत चुना विरघळून जातो. पर्वतावर जशी हिमरेषा असते, तशी समुद्रांत ही एक चुन्याची रेषा असते. फरक एवढाच कीं येथें रेषेच्या वर पांढरा खडू सांचतो आणि खालीं नुसती चिकणमाती उरते. हवेंतील कार्बन डायॉक्साइड समुद्रांत मुरला कीं पाणी आम्लाकडे झुकतें, अधिक चुना खातें, आणि ही रेषा वर सरकते. ती किती वर सरकली हें समजलें, तर किती कार्बन मुरला याचा अंदाज बांधतां येईल.

२००३ सालीं झॅकोस व इतर शास्त्रज्ञांनीं नेमक्या याच हेतूनें आफ्रिकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यापलीकडील वॉल्व्हिस डोंगररांगेवर वेगवेगळ्या खोलींवर गाळाचे दांडे काढले. रांगेचा उतार म्हणजे त्यांना जणूं समुद्रांत उभी केलेली मोजपट्टीच मिळाली. प्रत्येक दांड्यांत खालीं फिकट खडू, मग एकदम गडद तांबूस चिकणमातीचा पट्टा, आणि त्यावर पुन्हां हळूहळू पांढरा होत जाणारा खडू. चुन्याची रेषा दोन किलोमीटरांहून अधिक वर चढली होती, आणि तीही दहा हजार वर्षांच्या आंत. २००५ सालीं त्यांनीं निष्कर्ष प्रसिद्ध केला: दोन हजार अब्ज टनांनीं हें घडणें शक्य नाहीं, साडेचार हजार किंवा त्याहून अधिक कार्बन लागला असावा.

येथून पुढें मिश्रणाच्या उदाहरणावर भागत नाहीं. कार्बन येत असतांनाच समुद्र तो पीत असतो. तळाचा खडू विरघळून आम्लता मारीत असतो. वरचें पाणी खोल जाण्यास शतकें लागतात. आणि जमिनीवरील खडक झिजून हवेंतला कार्बन हळूहळू ओढून घेत असतात. या सर्व देवघेवी एकाच वेळीं चालू असतांना खतावणी हातानें मांडणें अशक्य. म्हणून संगणकावर गणिती प्रतिमान रचावें लागतें. प्रतिमान या शब्दानें कोणी बिचकूं नये. रिचर्ड झेबे यांच्या 'लॉस्कार' नांवाच्या प्रतिमानांत महासागरांचे कप्पे केलेले आहेत: अटलांटिक, हिंदी व पॅसिफिक, आणि प्रत्येकाचा वरचा, मधला व खोल असा कप्पा. त्या प्राचीन काळासाठीं टेथिस समुद्रालाही स्वतंत्र कप्पे आहेत. आज जेथें हिमालय उभा आहे त्या बाजूस हा समुद्र तेव्हां पसरलेला होता. एका कप्प्यांतून दुसऱ्यांत किती पाणी व किती कार्बन गेला, हवेंत किती उरला, तळाचा चुना किती गेला, याची नोंद थोड्याथोड्या काळानें होत राहते. अँडी रिजवेल यांचें 'जीनी' नांवाचें प्रतिमान अधिक बारीक आहे. त्यांत पृथ्वीच्या पृष्ठभागाचे ३६ उभे व ३६ आडवे भाग पाडून प्रत्येक भागाखालीं समुद्राचे थरावर थर मांडले आहेत, आणि त्यांतून प्रवाह वाहतात.

या यंत्राला एक प्रश्न विचारावयाचा: इतका कार्बन, या जातीचा, इतक्या वर्षांत ओतला तर तळावर काय उमटेल? उत्तर येतें तें खऱ्या दांड्यांशीं ताडून पाहावयाचें. जुळलें नाहीं तर आंकडा बदलून पुन्हां. दिसण्यांत हा प्रकार उत्तरपत्रिका पाहून गणित सोडविणाऱ्या विद्यार्थ्यासारखा आहे, असा आक्षेप घेतला जातो. तो तितकासा खरा नाहीं. कारण उत्तर एकच नसतें. चुन्याची रेषा, कार्बनची खूण, उष्णतामान, आणि हें सर्व प्रत्येक महासागरांत वेगवेगळें. एकाशीं जुळविलेला आंकडा दुसऱ्याशीं बहुधा फटकून वागतो.

झेबे, झॅकोस व डिकन्स यांनीं २००९ सालीं अशा रीतीनें काढलेलें उत्तर ३,००० अब्ज टनांचें होतें; हा पहिला लोंढा सुमारें पांच हजार वर्षांत आला असें त्यांनीं मानलें. डिकन्स हे मिथेनच्या कल्पनेचे मूळ पुरस्कर्ते, तेही या लेखांत होते, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. या उत्तरानें एक नवीनच कोडें उभें केलें. एवढ्या कार्बननें हवेंतील वायूचें प्रमाण सुमारें ७० टक्क्यांनीं वाढतें. आणि तेवढ्या वाढीनें पृथ्वी, प्रचलित मतानुसार, १ ते साडेतीन अंशच तापावयास हवी. प्रत्यक्षांत ती तापली ५ अंशांहून अधिक. मग उरलेली उष्णता आली कोठून? एक तर पृथ्वींत अशी कांहीं गुप्त कळ आहे कीं जी कार्बनच्या थोड्या धक्क्यानें दाबली जाऊन उष्णता दुप्पट करते, आणि आजच्या हवामानशास्त्राला तिचा पत्ता नाहीं. किंवा कार्बनच अधिक आला होता. पहिली शक्यता किती भयंकर आहे हें सांगावयास नको. आजच्या कार्बनवरून उद्यांच्या उष्णतेचीं जीं गणितें मांडलीं जातात, तीं सगळींच मग कमी पडलीं असतीं.

दुसऱ्या बाजूनें कॅरेन पॅनचुक, रिजवेल व ली कंप यांनीं 'जीनी' प्रतिमान चालवून २००८ सालीं ६,८०० अब्ज टन हा आंकडा सुचविला होता. एकाच चुन्याच्या पुराव्यावरून एकाला तीन हजार व दुसऱ्याला जवळजवळ सात हजार कां मिळावे? घटनेपूर्वींचा समुद्र कसा होता, त्याच्या तळावर विरघळण्याजोगा खडू किती होता, खोल पाणी कोणत्या बाजूनें वाहत होतें, याविषयीं प्रत्येकाची मांडणी वेगळी. शिवाय चुना हा कांहींसा मंद साक्षीदार आहे. खाण्यास खडूच उरला नाहीं म्हणजे त्यापुढील आम्लता तो सांगूं शकत नाहीं. मोजपट्टीचीं घरेंच संपतात.

तिसरा साक्षीदार मग आला, तो टांकणखारांतल्या एका मूलद्रव्याच्या रूपानें. समुद्राच्या पाण्यांत बोरॉन थोडासा असतो, आणि त्याचेही हलके व जड असे दोन परमाणु आहेत. पाण्याची आम्लता बदलली कीं कवचांत शिरणाऱ्या बोरॉनमधील या दोघांचें प्रमाण बदलतें. म्हणजे कवचांतील बोरॉन मोजला असतां त्या वेळच्या पाण्याची आम्लता थेट वाचतां येते. प्रतिमानाला आतां आंधळेपणानें चाचपडण्याची जरूर उरली नाहीं. समुद्राची आम्लता अमुक वर्षीं अमुक होती, ती तशी ठेवण्यास किती कार्बन ओतावा लागतो तें तूंच सांग, असें त्याला विचारतां येऊं लागलें. आणि प्रमाण एकदां हातीं आलें कीं कार्बनच्या खुणेवरून त्याची जात आपोआप निघते. गवळ्याच्या भांड्यांतलें दूध किती वाढलें हें समजलें कीं त्यानें काय मिसळलें हेंही समजतें, तशांतली ही गोष्ट.

मार्कुस गुट्यार, रिजवेल व इतरांनीं हा मार्ग धरला. त्यांनीं वापरलेला गाळाचा दांडा फ्रान्सच्या पश्चिमेस बिस्केच्या उपसागरांतून १९७६ सालीं काढलेला होता. चाळीस वर्षें तो जपून ठेवलेला नसता तर हें संशोधन झालेंच नसतें. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेलें त्यांचें उत्तर असें: सुमारें पन्नास हजार वर्षांच्या अवधींत १०,२०० ते १२,२०० अब्ज टन कार्बन बाहेर पडला, आणि त्याची सरासरी जात दर हजारीं उणें ११ च्या आसपास, म्हणजे बराचसा ज्वालामुखीचा व थोडा वनस्पतिजन्य. हवेंतील वायूचें प्रमाण या हिशेबानें दुपटीहून अधिक झालें होतें. एवढा वायु वाढला असेल तर पांच अंशांची उष्णता समजूं शकते. गुप्त कळ शोधण्याची निकड पुष्कळच कमी होते. २०२० सालीं लॉरा हेन्स व बार्बेल होनिश यांनीं कवचांच्या रसायनावरून याहूनही मोठा, सुमारें १४,९०० अब्ज टनांचा, आंकडा दिला.

दोन हजारांपासून जवळजवळ पंधरा हजारांपर्यंत! पंचवीस वर्षांत आंकडा सातपट झाला, तेव्हां यांतील कोणत्या शास्त्रज्ञावर विश्वास ठेवावा, असें एखादा श्रोता म्हणेल. परंतु हे आंकडे एकाच वस्तूच्या किंमतीसारखे चढत गेलेले नाहींत. दोन हजारांचा आंकडा एका साक्षीदारावर उभा होता, तीन व सात हजारांचे दोघांवर, दहा हजारांपुढचे तिघांवर. मिथेन मुळींच सुटला नाहीं, असेंही यावरून सिद्ध होत नाहीं; तो एकटाच गुन्हेगार नव्हता, एवढेंच ठरतें.

ज्वालामुखी म्हटला कीं महाराष्ट्रांतील श्रोत्यांच्या डोळ्यांपुढें सह्याद्रीचा काळा कातळ उभा राहील. तो मात्र या प्रकरणांतला नव्हे. दख्खनचा लाव्हा सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वींचा, म्हणजे या उष्णकाळाच्या एक कोटी वर्षें आधींचा. आणि उष्णकाळांत हिंदुस्थानचा भूखंड उत्तरेकडे सरकत आशियाच्या जवळ येत होता. येथला ज्वालामुखी ग्रीनलंड व युरोप यांच्या मधला. ते दोन्ही भाग त्या सुमारास एकमेकांपासून फाटूं लागले होते, आणि तापलेला शिलारस नुसता बाहेर न पडतां कोळशासारख्या जुन्या वनस्पतिजन्य गाळाच्या थरांत आडवा घुसत होता. त्या थरांतला कार्बन भाजून निघाला. नॉर्वेजवळच्या समुद्रतळाखालीं अशा वायूनें फोडलेल्या शेंकडों तोंडांच्या खुणा हेन्रिक स्वेन्सन व सहकाऱ्यांनीं २००४ सालीं दाखविल्या. २०२१ सालीं त्यांतील एका तोंडांत प्रत्यक्ष छिद्र पाडून पाहिलें. तें उथळ पाण्यांत, उष्णकाळाच्या आरंभाच्या सुमारास फुटलें होतें, हें २०२३ सालीं प्रसिद्ध झालें. उथळ पाण्यांत फुटल्यामुळें त्याचा वायु समुद्रांत न मुरतां सरळ हवेंत गेला असला पाहिजे. ज्वालामुखीचा व वनस्पतीचा कार्बन एकत्र कां दिसतो, त्याचें कारण यांत मिळतें.

राहिला तिसरा प्रश्न, वेगाचा. आणि व्यवहाराच्या दृष्टीनें तोच सर्वांत कठीण व सर्वांत महत्त्वाचा. २०१३ सालीं अमेरिकेंतील दोन संशोधकांनीं न्यू जर्सी येथील चिकणमातीच्या दांड्यांत दोन-दोन सेंटिमीटरांचे नियमित पट्टे पाहिले. झाडाच्या खोडांतील वर्तुळांप्रमाणें हे वर्षावर्षाचे पट्टे आहेत असें समजून त्यांनीं ते मोजले, आणि सगळा कार्बन अवघ्या १३ वर्षांत बाहेर पडला असें जाहीर केलें. मोठी खळबळ उडाली. पुढें इतरांनीं दाखवून दिलें कीं हे पट्टे निसर्गानें केलेलेच नव्हते. छिद्र पाडणाऱ्या यंत्राच्या फिरण्यानें मऊ मातीच्या चकत्या पडून त्यांच्यामध्यें यंत्राचा चिखल शिरला होता. वर्षें मोजतांना यंत्राचे फेरे मोजले गेले.

वर्षें मोजण्याचें घड्याळ नसतांना वेग ठरवावयाचा कसा? झेबे, रिजवेल व झॅकोस यांनीं २०१६ सालीं जी युक्ति योजिली, ती प्रतिमानाच्या उपयोगाचा उत्तम नमुना होय. कार्बन हवेंत एकाएकीं ओतला तर कार्बनची खूण तत्काळ उमटते. परंतु समुद्र हें मोठें भांडें, तें तापण्यास वेळ लागतो. म्हणून उष्णतेची खूण कार्बनच्या खुणेच्या मागें पडली पाहिजे. कार्बन हळूहळू आला असेल तर दोन्ही खुणा बरोबरीनें चालतील. न्यू जर्सींतील मिलव्हिल येथल्या गाळांत, म्हणजे तेरा वर्षांचा दावा जेथून निघाला त्याच ठिकाणच्या गाळांत, त्यांनीं दोन्ही खुणा ताडून पाहिल्या. उष्णतेची खूण मागें पडलेली दिसली नाहीं. प्रतिमान वेगवेगळ्या वेगांनीं चालवून त्यांनीं ठरविलें कीं कार्बन यावयास निदान चार हजार वर्षें लागलीं असलीं पाहिजेत. म्हणजे वर्षाला ०.६ ते १.१ अब्ज टन. गुट्यार यांच्या हिशेबांतला सर्वांत मोठा वेगही या मर्यादेच्या आंतच बसतो.

मनुष्यजातीनें कोळसा, तेल, वायु व सिमेंट यांतून २०२३ सालीं हवेंत सोडलेला कार्बन सुमारें १० अब्ज टन होता. एका वर्षांत.

एकंदर रकमेनें पाहिलें तर उष्णकाळाचा कार्बन आजवरच्या मानवी कार्बनच्या कितीतरी पट आहे. मनुष्यानें जंगलतोडीसह आजवर सोडलेला सुमारें ७०० अब्ज टन भरतो. यावरून धीर घेणारे लोकही आहेत. परंतु ज्या हौदाची मोरी लहान आहे, त्यांत दिवसभरांत किती पाणी पडलें यापेक्षां तें किती जोरानें पडलें यावर हौद वाहणें न वाहणें अवलंबून असतें. चार हजार वर्षांत येणारा कार्बन खोल समुद्रांत उतरावयास, तळाच्या खडूनें शांत व्हावयास अवसर मिळतो. म्हणूनच उष्णकाळांत तळाचे जीव मेले, पण पृष्ठभागाजवळचे बहुतेक स्थलांतर करून तगले. दोन-तीनशें वर्षांत येणारा कार्बन पृष्ठभागाच्या थरांतच तुंबतो, आणि आम्लतेचा भार वरच्या जीवांवर पडतो. तेव्हां प्राचीन उष्णकाळ ही आजच्या परिस्थितीची हुबेहूब नक्कल समजणें बरोबर होणार नाहीं. तेव्हां बर्फ नव्हतें, आज आहे. तेव्हांचे खंड निराळ्या जागीं होते. आणि तेव्हांचा वेग आजच्या एक दशांश होता. तळाच्या गाळांत किडे फिरत असल्यामुळें शंभर-दोनशें वर्षांचा एखादा लहान उमाळा पुसून गेलेला असूं शकतो, हेंही खरें. सरासरीच्या पोटांत असे उमाळे लपतात, आणि प्रतिमान त्यांना शोधून देऊं शकत नाहीं.

हिशेबाचा शेवटचा भाग जमेचा नसून फेडीचा आहे. आलेला कार्बन परत गेला कसा? समुद्र व तळाचा खडू यांनीं पहिला भार उचलला. पण कायमची फेड केली ती खडकांनीं. उष्ण व दमट हवेंत पाऊस वाढतो, पावसांत मुरलेला कार्बन डायॉक्साइड कातळ झिजवितो, आणि झिजेंतून सुटलेले क्षार नद्यांनीं समुद्रांत गेले म्हणजे तेथें कार्बनचा पुन्हां चुना होऊन तळाशीं बसतो. प्रतिमानांत ही क्रिया घातली असतां एक गोष्ट अशी निघते कीं चुन्याची रेषा नुसती जुन्या जागीं परत येऊन थांबत नाहीं. कांहीं काळ ती पूर्वीपेक्षांही खोल जाते, कारण झिजेनें आणलेल्या क्षारांचा पुरवठा कार्बन ओसरल्यावरही चालूच राहतो. ही अपेक्षा गाळांत खरी ठरली आहे. उष्णकाळानंतरचा खडू पूर्वीपेक्षां अधिक खोल ठिकाणीं व अधिक शुद्ध सांपडतो. एकंदर फेडीला दीड ते दोन लक्ष वर्षें लागलीं. वॉल्व्हिसच्या दांड्यांत तांबूस पट्टा खालच्या बाजूनें सुरीनें कापल्यासारखा एकदम सुरू होतो, आणि वर मात्र तो कोठें संपला हें बोट ठेवून दाखवितां येत नाहीं. तांबूस, मग करडा, मग फिकट, असा तो इंचाइंचानें पांढऱ्या खडूंत विरून जातो.